आवाज माझ्यासकट

दर्शना साळवेने फोन उचलून "हॅलो" म्हटलं की पलीकडचा माणूस हमखास म्हणायचा, "हां सर, बोला." बँकवाला असो, गॅसवाला असो, नाहीतर चुकून लागलेला नंबर असो. सुरुवातीला ती दुरुस्त करायची, "सर नाही, मॅडम." मग पलीकडे कुणी फिसकन हसायचं, कुणी सॉरी सॉरी म्हणत फोनच ठेवून द्यायचं. शेवटी तिने दुरुस्त करणं सोडून दिलं. ज्याला जे वाटायचं ते वाटू दे.

आवाज तिला बापाकडून आला होता. शिवराम साळवे अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते आणि जयंतीच्या दिवसांत कल्याण पूर्वेच्या त्यांच्या चाळीत गायन पार्टीत गायचे. माईक बंद पडला तरी त्यांचं गाणं शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला ऐकू जायचं. ते गेले आणि तो आवाज मुलीच्या गळ्यात राहिला. खोल, भरडा, रिकाम्या पिंपात बोलल्यासारखा घुमणारा, आणि वाक्याच्या शेवटाला जरासा खरखरणारा.

"एवढी एक गोष्ट तरी माझ्याकडून घ्यायची होतीस," असं तिची आई शांताबाई उसासा टाकून म्हणायची.

शाळेत प्रार्थनेच्या वेळी बाई तिला नुसते ओठ हलवायला सांगायच्या. बघायला पाहुणे यायचे त्या दिवशी शांताबाई आधीच बजावून ठेवायची, "विचारतील तेवढंच बोल. आणि हळू." उल्हासनगरचं एक स्थळ जमत आलं होतं. मुलाच्या आत्याने फोन केला, तो नेमका दर्शनाने उचलला. आत्याबाई म्हणाल्या, "मुलीचे भाऊ का आपण?" त्यानंतर त्या घरून काहीच कळलं नाही. दर्शनाला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. शांताबाईला मात्र अजून वाटत होतं.

डोंबिवली पूर्वेला संदेश नावाच्या माणसाचा एक लहानसा रेकॉर्डिंग स्टुडिओ होता. गाण्याबिण्याचा नव्हे, जाहिरातींचा. कुठे सेल लागला, क्लास उघडला, दवाखाना हलला की लोक त्याच्याकडे यायचे. तो जाहिरात बोलून घ्यायचा, मागे संगीत टाकायचा, आणि मग ती भोंगा लावलेल्या रिक्षातून गावभर फिरायची. दर्शना तिथे मजकूर लिहायची, रेकॉर्डिंगची काटछाट करायची, गिऱ्हाइकं सांभाळायची. बोलायला वेगळी मुलगी होती, ऐश्वर्या. आवाज असा की पाकातून काढलेला वाटावा.

एका दसऱ्याच्या तोंडावर ऐश्वर्याचा घसा बसला. कल्याणच्या मोरबांगडी वस्त्रदालनाची जाहिरात द्यायची राहिली होती. संदेश डोकं धरून बसला आणि मग म्हणाला, "दर्शना, तू बोल. नुसता ट्रॅक दे, पुढचं मी बघतो."

ती काचेच्या आत गेली, हेडफोन चढवले आणि बोलली. आयुष्यात पहिल्यांदा कुणी तिला हळू बोल म्हणत नव्हतं. पैठणीचं वर्णन करताना तिने 'पदर' हा शब्द असा सावकाश सोडला की तिलाच बरं वाटलं. बाहेर आली तेव्हा संदेश म्हणाला, "टायमिंग मस्त आहे गं तुझं." त्या संध्याकाळी घरी जाताना ती स्वतःशीच गुणगुणत होती.

दोन दिवसांनी ती कल्याण पश्चिमेला शिवाजी चौकात काही आणायला गेलेली असताना भोंग्याची रिक्षा समोरून गेली. "मैत्रिणींनो, या दसऱ्याला..." बारीक, गोडगोड आवाज. दर्शनाला वाटलं, ऐश्वर्या बरी झाली वाटतं. पण मग 'पदर' आला. तसाच सावकाश. श्वास तिचे होते, थांबे तिचे होते, शब्दांवरचा जोर तिचा होता. आवाज तेवढा तिचा नव्हता. संदेशने मशीनवर तो वर चढवून बारीक केला होता.

ती तशीच डोंबिवलीला गेली.

"अगं पण छान झालंय ना?" संदेश म्हणाला. "कुणाला कळलंसुद्धा नाही."

"तेच तर. कळलं का नाही?"

"दर्शना, धंदा आहे हा. साडी कोण घेतं? बायका. त्यांना गोड आवाज लागतो. तुझ्या ओरिजिनल आवाजात साडी विकायला गेलो तर लोकांना वाटेल वसुलीवाला आलाय." असं म्हणून तो हसला. शेजारी बसलेलं गिऱ्हाईकही हसलं.

दर्शनाने आपले हेडफोन उचलले, डबा उचलला. "माझा आवाज बदलायचा होता तर मला विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?"

"नाही म्हणाले असते."

"मग?" संदेशने हात पसरले. "जाशील कुठे? असल्या आवाजाला काम कोण देणार सांग मला."

"बघते," ती म्हणाली, आणि जिना उतरली.

बघते म्हणणं सोपं होतं. घरातल्या एका कोपऱ्यात तिने भिंतींना गोधड्या टांगल्या, चांगला माईक आणला, आणि कार्डं छापून घेतली: दर्शना साळवे, जाहिरातीचा आवाज. मग कल्याण ते ठाकुर्ली ते डोंबिवली, दुकानामागून दुकान. साडीवाला म्हणाला, "मॅडम, लेडीज आवाज पाहिजे."

"मी लेडीजच आहे."

"हो, पण... तसा नको."

कोचिंग क्लासवाला म्हणाला, जेंट्स आवाज पाहिजे, वजनदार.

"माझा वजनदार आहे."

"आहे ना, पण तुम्ही जेंट्स नाही."

अशी दोन्हीकडून कोंडी. बरेच जण तर ऐकूनही घेत नव्हते. मोबाईल पुढे करून दाखवायचे: हे बघा, मजकूर टाकला की मशीन आपोआप बोलतं, बाई नको, स्टुडिओ नको. दर्शना ते लक्ष देऊन ऐकायची. आणि एक दिवस मानपाडा रोडवरून चालताना तिला जाणवलं की दातांचा डॉक्टर, फर्निचरवाला आणि फ्लॅटची स्कीम हे तिघेही एकाच बाईच्या तोंडून बोलताहेत. तीच गोडी, तोच उत्साह. लोक त्या आवाजाखालून मान खाली घालून जात होते, कावळ्याच्या कावकावीकडे लक्ष देत नाहीत तसे. शेजारी एक भेळवाला कर्कश आवाजात "ए तिखट" म्हणून ओरडला, तर चौघांनी वळून पाहिलं.

दर्शना तिथेच उभी राहिली. या गोड बाईला आपण आणखी गोड होऊन हरवू शकत नाही, हे तिला कळलं. आणि हरवायला गोड व्हायचं तरी कशाला?

पहिलं काम दिलं ते पोपट जगदाळेंनी. डोंबिवली पश्चिमेला त्यांचा झुरळं-ढेकूण मारायचा धंदा. दुकानावर भलामोठा बोर्ड, 'पोपट पेस्ट कंट्रोल', आणि त्यावर चोचीत मेलेलं झुरळ धरलेला हिरवागार पोपट. दर्शनाला हसू आवरेना.

"हसा की," पोपटराव म्हणाले. माणूस माण तालुक्यातला, डोंबिवलीत केस पिकले तरी बोली तिकडचीच. "समदी हसत्यात. बायको म्हनली नाव बदला, पोरगं म्हनलं इंग्लिश कायतरी ठिवा. म्या म्हनलं, आईनं ठिवलेलं नाव हाय. ज्यानं हसून बोर्ड वाचला, त्यो इसरत न्हाई. म्हनून बोर्ड आनखी मोठा केला." मग त्यांनी तिचं बोलणं ऐकलं आणि डोळे बारीक केले. "ताई, तुमचा आवाज वो... भ्या वाटतंय ऐकून."

"चांगलं की वाईट?"

"गिऱ्हाइकाला भ्या वाटलं तर वाईट. ढेकनाला वाटलं तर चांगलं."

दर्शना घरी आली ती मजकूर मनात घेऊनच. गोधड्यांच्या आड उभी राहून तिने एका दमात रेकॉर्डिंग केलं. गिऱ्हाइकांशी ती बोललीच नाही.

"डोंबिवलीतल्या ढेकणांनो, नीट ऐका. गादीच्या शिवणीत लपलाय, माहीत आहे मला. पलंगाच्या फटीत बसलाय, तेही माहीत आहे. पोरांना झोपू देत नाही, पाहुण्यांसमोर लाज काढता. आज पोटभर जेवून घ्या. उद्या पोपट येतोय." आणि मग थोडं थांबून, खालच्या पट्टीत, "मी दर्शना साळवे बोलतेय."

पोपटरावांनी ते ऐकलं आणि नुसतेच "आयला" म्हणाले.

रिक्षा काळुरामची होती. काळुराम शीळफाट्याजवळच्या गावातला, पन्नाशीचा आगरी माणूस. दिवसभर डोंबिवली फिरून तो घरी निघाला आणि शीळफाट्याला अडकला. एक कंटेनर रस्त्यात आडवा झालेला, चारी बाजूंनी गाड्या, कुणाला पुढे जाता येईना, मागे येता येईना. काळुरामने कंटाळून भोंगा लावला.

दुसऱ्या दिवशी तो पोपटरावांच्या दुकानात सांगत होता, तेव्हा दर्शना तिथेच होती. "काय सांगू बाय! ट्रकवाले, टँकरवाले, एसी गारीतल्या मॅडम, सगली काचा खाली करून आयकत होती. एक जन बोलला, परत लाव. परत लावला. मंग सगलेच बोलायला लागले, 'उद्या पोपट येतोय!' हवालदारपन हसत होता गो. कंटेनर हलला तरी मना कोन जाऊ देय नाय."

त्या कोंडीत कुणीतरी व्हिडिओ काढला होता. तो फिरला. पोपटरावांचा फोन बंद व्हायचं नाव घेईना. आणि दर्शनाला नाव मिळालं: ढेकूणबाई.

हे नाव शांताबाईने भाजी बाजारात ऐकलं. "ती बघ, ढेकूणबाईची आई," असं दोघी तिच्या पाठीमागे म्हणाल्या. घरी येऊन तिने पिशवी जमिनीवर आपटली. टोमॅटो घरभर गेले.

"नवरा गेल्यावर लोकांची धुणीभांडी केली मी. पदवी घेतलीस ती हे ऐकायला? ढेकूणबाई!"

दर्शना टोमॅटो गोळा करत राहिली. तिलाही लागलं होतं. शाळेतलं ते ओठ हलवणं आठवलं, संदेशचं हसणं आठवलं. तिथेच जमिनीवर बसून तिने एक टोमॅटो हातात फिरवला आणि मग कार्डं छापणाऱ्याला फोन लावला.

"नवीन कार्डं करायचीत. नावाच्या खाली कंसात ढेकूणबाई टाका. ठळक."

शांताबाई काही दिवस तिच्याशी बोलली नाही. भाकऱ्या मात्र नेहमीसारख्या करून ठेवायची.

कामं येऊ लागली. लोखंडी ग्रिल बनवणारा आला. घोरण्यावर उपचार करणारा डॉक्टर आला. ड्रायव्हिंग स्कूलवाला आला, त्याच्यासाठी ती म्हणाली, "क्लच सोडताय की जीव? शिकून घ्या आधी." लोक मुद्दाम थांबून ऐकायचे. ती प्रत्येकाला आधीच सांगून टाकायची: आवाजाला हात लावायचा नाही, शेवटी माझं नाव येणार, आणि खोटं मी बोलणार नाही. एका बिल्डरच्या माणसाने 'स्टेशनपासून पाच मिनिटांवर' असं बोलायला सांगितलं. ती त्या जागेवर जाऊन आली होती. "उडत?" तिने विचारलं. तो माणूस रागावून निघून गेला, आणि तिने त्याला जाऊ दिलं.

मग एक दिवस मोरबांगडी वस्त्रदालनातून बोलावणं आलं. दुकान सरोजताई नावाच्या बाईंनी उभं केलं होतं. आता सगळा कारभार त्यांचा मुलगा सर्वेश बघायचा. तिशीचा, चकचकीत, वाक्यागणिक 'ब्रँड' म्हणणारा. ठाण्याला गोखले रोडवर त्यांची नवी शाखा उघडत होती.

"मॅडम, तुमचा आवाज एकदम युनिक आहे," तो म्हणाला. "गोड आवाजांना लोक वैतागलेत आता. आम्हाला वेगळं काहीतरी पाहिजे."

याच दुकानासाठी आपला आवाज एकदा गोड करून वापरला होता, हे त्याला माहीत नसावं. दर्शनानेही सांगितलं नाही. "मजकूर द्या. बघते मी."

"मजकुराची गरजच नाही. तुम्ही फक्त एकदा या, तासभर काहीही वाचा. मशीन तुमचा आवाज शिकून घेईल. मग आम्हाला हवं ते, हवं तेव्हा आम्ही बोलून घेऊ. तुम्हाला परत त्रास नाही. पैसे एकदम, चांगले."

"आणि माझं नाव?"

"नाव कशाला? तो दुकानाचा आवाज होईल ना."

"म्हणजे उद्या माझा आवाज काय बोलतोय ते मला रस्त्यात उभं राहून ऐकायला लागणार?"

सर्वेश हसला. "ऐकू नका मग."

दर्शना खुर्चीवरून उठली. "सर्वेशजी, आवाज माझ्यासकट येतो. मी येईन, मी साड्या बघेन, मी बोलेन, आणि माझं नाव सांगेन. त्यातलं मला बाजूला काढलं की मागे आवाजही उरत नाही."

"विचार करा मॅडम," तो तिला दारापर्यंत सोडायला येत म्हणाला. अगदी नम्रपणे म्हणाला. "टेक्नॉलॉजी थांबत नाही कुणासाठी."

पुढचं पोपटरावांच्या फोनवरून कळलं. ते एका हॉटेलातली झुरळं मारायला ठाण्याला गेले होते.

"ताई, अभिनंदन! गोखले रोडला आयकलं तुमास्नी. साड्याच्या दुकानात. झ्याक बोलताय. पर शेवटाला नाव घ्यायचं कसं काय इसरलात?"

दर्शना वाटाणे सोलत होती. तिचा हात थांबला. "मी नाही बोललेय पोपटराव."

"अवो, ह्या कानानं आयकलं."

सकाळी ती निघाली तर शांताबाई पायांत चपला घालून दारात उभी. "मीपण येते. तुझ्या तोंडाने कोण बोलतंय ते बघायचंय मला."

गोखले रोडला नेहमीची गर्दी होती. दुकान फुलांच्या माळांनी मढवलेलं, दारावर दोन मोठे भोंगे. दुकान दिसायच्या आधीच आवाज आला. खोल, भरडा, शेवटाला खरखरणारा. "ठाणेकर भगिनींनो, मी तुमच्यासाठी घेऊन आलेय शंभर टक्के हातमागाची पैठणी..."

शांताबाईने छातीवर हात ठेवला. "दर्शे, ही तूच की गं."

"नाही आई."

"अगं खरखर पण तुझीच आहे. तुझ्या बापाची."

संदेशने निदान तिचा आवाज बदलून वापरला होता. इथे आवाज जसाच्या तसा होता, आणि आत ती नव्हती. तिच्या गावभर फिरलेल्या जाहिराती मशीनला चारून हे बनवलेलं होतं. आणि हा आवाज थांबत नव्हता, दम खात नव्हता, एका पैठणीवरून दुसऱ्या पैठणीवर नुसता घसरत होता.

सर्वेश दारातच पाहुण्यांचं स्वागत करत होता. तिला पाहून तो एक क्षणच गडबडला.

"तो तुमचा आवाज नाही मॅडम. तुमच्यासारखा आहे. तुमच्यासारखी दिसणारी कुणी असली तर तिला काय घरात कोंडून ठेवणार तुम्ही?"

"माझ्यासारखी कुणी मिळाली नाही, म्हणूनच तर बनवावी लागली तुम्हाला."

"मग कोर्टात जा." तो आवाज खाली आणून म्हणाला. "प्लीज, आज ओपनिंग आहे. इथे सीन नको."

"कोर्टात जायचं तेव्हा जाईन," दर्शना म्हणाली. "आत्ता पायरीवर जाते."

ती पायरीवर उभी राहिली, रस्त्याकडे तोंड करून. हात मोकळे सोडले. डोक्यावरचा भोंगा पुन्हा सुरुवातीपासून बोलू लागला.

"ठाणेकर भगिनींनो, मी तुमच्यासाठी घेऊन आलेय..."

"कोण मी?" दर्शनाने विचारलं. "नाव सांग."

पायरीजवळच्या दोन बायका दचकून थांबल्या. वर पाहिलं, मग हिच्याकडे पाहिलं.

"शंभर टक्के हातमागाची पैठणी..."

"बघितलीस? हात तरी लावलास?"

"असा पदर तुम्ही कधी पाहिला नसेल..."

"तू पाहिलास? डोळे आहेत तुला?"

कुणीतरी हसलं. रस्ता ओलांडणारी माणसं थबकली. एकच आवाज दोन ठिकाणांहून येत होता, आणि एक दुसऱ्याची उलटतपासणी घेत होता.

"माझ्यावर विश्वास ठेवा..." भोंगा म्हणाला.

"आधी श्वास घे," दर्शना म्हणाली, "मग विश्वासाचं बघू."

आता हशा पिकला. "अरे, ही ढेकूणबाई!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. मोबाईल वर झाले. आतून कुणीतरी भोंगा मोठा केला, इतका की समोरच्या दुकानाच्या काचा थरथरल्या. दर्शना ओरडली नाही. ओरडलं की आवाज चिरकतो, हे तिने बापाला गाताना पाहून लहानपणीच शिकून घेतलं होतं. तिने उलट पट्टी खाली आणली, पोटातून आवाज काढला, आणि तो त्या गोंगाटाच्या खालून सरळ रस्त्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला.

"मी दर्शना साळवे. कल्याण पूर्वेला राहते. हा आवाज माझ्या बापाचा होता, आता माझा आहे. या भोंग्यातला एक शब्दही मी बोललेले नाही. यांनी मागितला तेव्हा मी नाही म्हटलं, तर यांनी न विचारता घेतला. लहानपणापासून लोक मला सांगत आले, असलं नको, बारीक बोल, गोड बोल. नाही बोलले. त्याची किंमत मी मोजलीय. आणि आता याच आवाजाला गिऱ्हाईक येतंय म्हटल्यावर आवाज पाहिजे आणि बाई नको? साडी आवडली तर जरूर घ्या. पण ती चांगली आहे असं मी सांगितलेलं नाही. मी सांगते तेव्हा नाव घेऊन सांगते."

दुकानाचा वॉचमन पुढे झाला, "चला मॅडम, चला," म्हणत. तो दर्शनाच्या दंडाला हात लावणार तेवढ्यात शांताबाई मधे आली. पाच फुटांची बाई, पण दोन्ही हात कमरेवर.

"हात लावायचा नाही," ती म्हणाली. "बोलतेय ना ती? बोलून होऊ दे."

वॉचमनने मागे पाहिलं, सर्वेशकडे. सर्वेश फोनवर कुणाला तरी तावातावाने काहीतरी सांगत होता. आणि मग भोंगा मधेच तुटला. गल्ल्यावर बसलेल्या सरोजताईंनी स्वतः उठून स्विच बंद केला होता.

त्या बाहेर आल्या. पांढरे केस, साधी इरकल. "हे असं केलंय ते मला ठाऊक नव्हतं," त्या सावकाश म्हणाल्या. "झालं ते चुकलंच. आपण आत येऊन बसा, शांतपणे बोलू."

"काकू, भोंगा रस्त्यावर वाजला," दर्शना म्हणाली. "चुकलं म्हणताय तेही रस्त्यावरच म्हणा. तुमचा माईक आहे, तुमची माणसं आहेत."

सरोजताईंनी गर्दीकडे पाहिलं, वर झालेल्या मोबाईलांकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं. क्षणभर वाटलं, बोलतील. पण त्यांनी पदर सारखा केला आणि त्या आत निघून गेल्या. भोंगा त्या दिवशी पुन्हा वाजला नाही.

पुढे सगळं गोड झालं असं नाही. मोरबांगडीत दोन दिवसांनी तीच जुनी गोडबोली मशीनबाई आली आणि दुकान चाललं. सर्वेशने व्यापाऱ्यांमध्ये सांगून ठेवलं की बाई भांडखोर आहे, दारात तमाशा करते. ड्रायव्हिंग स्कूलवाल्याने काम काढून घेतलं. आणखी दोघांनी फोन उचलणं बंद केलं. शेजारच्या इमारतीतल्या राजरत्न वकिलांनी तिची तक्रार लिहून दिली. आवाजावर हक्क कसा सांगायचा यावर त्यांची आणि समोरच्या वकिलांची अजून चर्चा चालू आहे. दर्शना तारखेला जाते, नाव पुकारलं की "हजर" म्हणते, आणि सगळं कोर्ट मान वर करून बघतं.

पण गोखले रोडचा व्हिडिओही फिरला होता. ज्यांना भांडखोर बाई नको होती ते गेले. ज्यांना तीच पाहिजे होती ते पत्ता शोधत घरापर्यंत येऊ लागले. ठाण्याचा एक चप्पलवाला आला. भिवंडीचा ताडपत्रीवाला आला. आणि एका दुपारी ठाकुर्लीहून योगिनी नावाच्या शिक्षिका आल्या. त्यांनी बालवाडी काढली होती.

"बालवाडी?" शांताबाई चहाचा कप पुढे करत म्हणाली. "अहो, हिचा आवाज ऐकून पोरं रडतील."

"रडत नाहीत हो," योगिनीबाई म्हणाल्या. "माझं एक अक्षर ऐकत नाहीत कार्टी. पण ढेकणांची रिक्षा खिडकीसमोरून गेली की सगळी चिडीचूप. काल एक मुलगी मला म्हणाली, बाई, तुम्ही तशा का नाही बोलत?"

शांताबाईने लेकीकडे पाहिलं. दर्शना हसत होती, पण लगेच सावरून बसली.

"कुठे आहे तुमची बालवाडी?"

"स्टेशनच्या अलीकडे. तळमजल्यावर, दोन खोल्या. मजकूर मी लिहून आणलाय, हवेशीर वर्ग, खेळायला अंगण..."

"अंगण आहे?"

"आहे... म्हणजे सोसायटीचं आहे. संध्याकाळी खेळू देतात."

"चला, आधी दाखवा," दर्शना म्हणाली आणि ओढणी घेऊन उठली. "बघितल्याशिवाय मी बोलत नाही."

शांताबाईने गॅस बंद केला, कप तसेच ठेवले, आणि कुलूप शोधायला लागली.